कोलारची खाण, प्रोटॉनचे आयुष्य आणि एक अडलेला आकडा

अणूची रचना शिकवताना आपण एक वाक्य सहज बोलून जातो. केंद्रकाबाहेर काढलेला न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांत मोडतो, प्रोटॉन मात्र स्थिर असतो. पुस्तकातही तसेच छापलेले असते आणि परीक्षेतही तेच उत्तर बरोबर धरले जाते. ‘स्थिर म्हणजे किती काळ?’ असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारला, तर मात्र पंचाईत होते. एवढ्या एका प्रश्नासाठी माणसे सव्वादोन किलोमीटर खोल सोन्याच्या खाणीत उतरली. महासंगणकांनी त्यासाठी छत्तीस वर्षे आकडेमोड केली. या दोन्ही गोष्टी एकमेकींवाचून अपुऱ्या कशा होत्या, ते येथे सांगायचे आहे. यातली पहिली गोष्ट मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची आहे आणि ती आपल्या वर्गांत फारशी सांगितली जात नाही.

प्रोटॉनच्या आयुष्याचा पहिला अंदाज कोणत्याही उपकरणाशिवाय करता येतो. ही कल्पना मॉरिस गोल्डहाबर या भौतिकीतज्ज्ञाची. आपली हाडेच याची साक्ष देतात, असे तो म्हणत असे. हिशेब वर्गात करून पाहण्यासारखा आहे. एक ग्रॅम पदार्थ घ्या, लोखंड असो की मीठ. त्यात प्रोटॉन व न्यूट्रॉन मिळून सुमारे ६ वर २३ शून्ये इतके कण असतात. साठ किलो वजनाच्या माणसात ते ३६ वर २७ शून्ये इतके भरतात. त्यांचे सरासरी आयुष्य एकावर १६ शून्ये इतकी वर्षे आहे असे समजू. मग शरीरात दर सेकंदाला लाखाहून अधिक कण फुटतील. प्रत्येक स्फोटात सुमारे ९४ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुटेल. अशा किरणोत्साराने माणूस काही महिन्यांतच दगावेल. आपण जिवंत आहोत, म्हणजे प्रोटॉनचे आयुष्य याहून मोठे आहे. विश्वाचे वय आहे सुमारे १४ अब्ज वर्षे, म्हणजे १४ वर फक्त नऊ शून्ये. १९५४ साली राइन्स, कॉवन आणि गोल्डहाबर यांनी द्रव स्फुरकाच्या टाकीत प्रत्यक्ष शोध घेतला आणि ही मर्यादा एकावर २१-२२ शून्यांपर्यंत नेली.

तोवर प्रोटॉन मोडतो अशी शंका घेण्यास कोणाकडे ठोस कारण नव्हते. ते १९७३-७४ मध्ये मिळाले. ओडिशात जन्मलेले जोगेश पती आणि पाकिस्तानचे अब्दुस सलाम यांनी १९७३ साली मांडले की क्वार्क आणि इलेक्ट्रॉनसारखे हलके कण ही एकाच कुळाची अपत्ये असावीत. तसे असेल, तर एकाचे दुसऱ्यात रूपांतर होऊ शकेल आणि प्रोटॉन अमर राहणार नाही. पुढच्याच वर्षी जॉर्जी आणि ग्लॅशो या अमेरिकन शास्त्रज्ञांनी विद्युतचुंबकीय, क्षीण आणि तीव्र बले एका सूत्रात ओवणारा सर्वांत आटोपशीर सिद्धांत दिला. तो एसयू-५ या नावाने ओळखला जातो. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचा विद्युतभार इतका तंतोतंत सारखा का, हे आपण वर्गात न विचारता गृहीत धरतो. या सिद्धांतात त्याचे उत्तर आपोआप मिळत होते. मोबदल्यात एक किंमत द्यावी लागत होती. प्रोटॉनने कधीतरी एक पॉझिट्रॉन आणि एक उदासीन पायॉन यांत मोडायला हवे होते. आयुष्याचा अंदाज होता एकावर २९ ते ३१ शून्ये इतकी वर्षे.

एवढी वर्षे कोण थांबणार? पण एका प्रोटॉनकडे एकावर ३१ शून्ये इतकी वर्षे पाहत बसण्याऐवजी तेवढे प्रोटॉन एकत्र करून एक वर्ष पाहिले तरी चालते. यात अवघड काही नाही. न्हावा शेवा येथे शिक्षकांपुढे हा विषय मांडताना आम्ही फळ्यावर कंटेनरांचाच हिशेब घेतला, कारण बंदराच्या रस्त्यावर राहणाऱ्याला कंटेनरचे वजन सांगावे लागत नाही. एक भरलेला वीस फुटी कंटेनर पंचवीस टनांच्या आसपास धरू. असे साडेपाच कंटेनर म्हणजे १४० टन. त्यातील प्रोटॉन-न्यूट्रॉनांची संख्या ८४ वर ३० शून्ये येते. आयुष्य एकावर ३१ शून्ये असेल, तर एवढ्या मालात वर्षाला आठएक कण मोडतील. साडेपाच कंटेनर लोखंड घ्यायचे आणि वर्षभरात त्यात आठ ठिणग्या शोधायच्या. कोलारच्या खाणीत नेमके हेच झाले. तिथल्या उपकरणाचे वजनही १४० टनच होते.

पण हे लोखंड बंदरात ठेवून चालत नाही. आकाशातून वैश्विक किरणांचा मारा अखंड चालू असतो. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो. कोलारच्या उपकरणाचा माथा चार मीटर गुणिले सहा मीटर होता. जमिनीवर त्यावर दिवसाला ३४ कोटींहून अधिक म्युऑन पडले असते आणि त्या गर्दीत आठ ठिणग्या कोण शोधणार! म्हणून खाली जायचे. खडक हाच पंखा, जो कोंडा पाखडून टाकतो.

टाटा संस्थेला कोलारची वाट आधीपासून माहीत होती. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती तेव्हा, होमी भाभांच्या सांगण्यावरून तरुण बी. व्ही. श्रीकांतन म्युऑन मोजण्याची उपकरणे घेऊन म्हैसूर राज्यातल्या या सोन्याच्या खाणींत उतरले. खोल जावे तसे म्युऑन किती घटतात, हे त्यांना मोजायचे होते. पुढे १९६०च्या सुमारास जपानचे साबुरो मियाके, व्ही. एस. नरसिंहम आणि पी. व्ही. रमणमूर्ती यांनी हेच मापन अधिक खोलवर नेले. पावणेतीन किलोमीटर खोलीवर त्यांनी सुमारे दोन महिने उपकरण चालवले आणि त्यात एकही म्युऑन आला नाही. प्रयोग फसला असे कोणाला वाटले असते. या मंडळींनी त्याचा अर्थ वेगळा लावला. इतकी शांत जागा मिळाली आहे, तर जे सगळ्या खडकातून आरपार जाते तेच इथे शोधावे. म्हणजे न्यूट्रिनो.

१९६५ साली टाटा संस्था, ओसाका आणि इंग्लंडमधील डरहॅम या तीन ठिकाणच्या गटाने कोलारमध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा नोंदवल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांचा गट त्याच शोधात होता. त्यांची पहिली घटना कोलारच्या आधीची, पण प्रसिद्ध झालेला निबंध कोलारचा आधीचा, तोही ऑगस्ट महिन्यात जेमतेम दोन आठवड्यांच्या फरकाने. पहिले कोण, या वादात आम्हांला रस नाही. दोन्ही गटांनी सोन्याच्या खाणीत सोने सोडून भलतेच शोधले, हे मात्र विद्यार्थ्यांना सांगावे.

एसयू-५ सिद्धांताचे भाकीत आले तेव्हा कोलारमध्ये जागा, माणसे आणि अनुभव असे सगळे तयार होते. एम. जी. के. मेनन, श्रीकांतन, नरसिंहम, एम. आर. कृष्णस्वामी, तरुण नव कुमार मंडल आणि ओसाकाचे मियाके व त्यांचे सहकारी यांनी २.३ किलोमीटर खोलीवर नवे उपकरण उभे केले. १९८० साल संपण्याआधी ते चालू झाले. केवळ प्रोटॉनचा क्षय पाहण्यासाठी बांधलेले जगातले हे पहिले चालू उपकरण. रचना साधी होती. दहा सेंटीमीटर बाजूच्या चौकोनी लोखंडी नळ्या, त्यांत आर्गॉन आणि मिथेन वायू, मधोमध एक तार. विद्युतभारित कण नळीतून गेला की तारेवर विजेची कळ उमटते. अशा नळ्यांचे ३४ थर एकावर एक रचलेले, एक आडवा तर दुसरा उभा. दोन थरांमध्ये लोखंडी पत्रा. नळ्यांच्या भिंती आणि पत्रे मिळून जे लोखंड होते, त्यातलेच प्रोटॉन आणि न्यूट्रॉन पाहायचे. शोधायचा पदार्थ आणि शोधणारे यंत्र एकच. वरचा खडक सुमारे सात किलोमीटर पाण्याइतका जाड. जमिनीवरच्या ३४ कोटी म्युऑनांपैकी इथे दिवसाला दोन पोचत. सतरा कोटींत एक!

सुरुवातीच्या काही महिन्यांतच अशा घटना दिसू लागल्या की ज्यांचा उगम आणि शेवट दोन्ही उपकरणाच्या आतच होते. बाहेरून काही आले नाही, बाहेर काही गेले नाही, मध्येच एका बिंदूतून कण निघाले. १९८१ साली गटाने त्या प्रसिद्ध केल्या. निबंधात त्यांना प्रोटॉन-क्षय म्हटले नव्हते, संभाव्य घटना म्हटले होते. त्या खऱ्या धरल्या तर आयुष्य एकावर ३१ शून्ये इतक्या वर्षांच्या आसपास येत होते, म्हणजे सिद्धांताच्या अंदाजाच्या वरच्या टोकाला. जगभर खळबळ उडाली. जानेवारी १९८२ मध्ये या एकाच विषयावर मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आल्प्स पर्वतातल्या माँ ब्लाँ बोगद्यातल्या इटालियन उपकरणालाही त्या वर्षी एक संशयास्पद घटना दिसली.

इथे गोष्टीला विचित्र वळण मिळते. म्युऑन खडकात अडतो. न्यूट्रिनो अडत नाही, तो पृथ्वीही सहज ओलांडतो. असा एखादा न्यूट्रिनो उपकरणातल्या लोखंडावर आदळला, तर तिथूनही काही कण फुटतात आणि तेही मध्येच सुरू झालेले दिसतात. त्यांची ऊर्जा अनेकदा प्रोटॉनच्या वस्तुमानाएवढीच असते. अशा टकरी हजार टनांत वर्षाला शंभराच्या आसपास होतात, १४० टनांतही वर्षाला दहा-पंधरा व्हायच्याच. १९६५ साली याच खाणीत ज्या न्यूट्रिनोंचे स्वागत झाले, तेच आता घरात घुसून चोरीचा आळ दुसऱ्यावर ढकलत होते. खरा क्षय ओळखायची खूण एकच. प्रोटॉन जागच्या जागी मोडतो, म्हणून त्याचे दोन तुकडे एकमेकांच्या नेमक्या विरुद्ध दिशेला जातात. न्यूट्रिनोच्या टकरीत सगळे एका बाजूला ढकलले जाते. पण दहा सेंटीमीटर रुंदीच्या नळ्यांत मागाचे चित्र ठिपक्या-ठिपक्यांचे येते. कण कोणत्या टोकाकडून आला, हेही पक्के सांगता येत नाही. तीन-चार ठिपक्यांवरून दिशा ठरवायची, म्हणजे लांबून पाहिलेल्या होडीचे नाक आणि शेपूट ठरवण्यासारखे.

निर्णय अमेरिकेत झाला. ओहायो राज्यातल्या मिठाच्या खाणीत सहाशे मीटर खोलीवर सुमारे आठ हजार टन शुद्ध पाण्याची टाकी बांधली होती आणि तिच्या भिंतींवर २०४८ प्रकाशग्राहक नळ्या बसवल्या होत्या. आयएमबी हे तिचे नाव. पाण्यात वेगवान कण गेला की निळसर प्रकाशाचे कडे उमटते. प्रोटॉन मोडला तर तीन कडी दिसावीत, एक पॉझिट्रॉनचे आणि दोन पायॉनमधून निघालेल्या गॅमा किरणांमुळे. पहिल्या ऐंशी दिवसांत अशी एकही घटना दिसली नाही. १९८३ साली त्यांनी जाहीर केले की पॉझिट्रॉन आणि पायॉन या मार्गाने प्रोटॉनचे आयुष्य ६५ वर ३० शून्ये इतक्या वर्षांहून अधिक आहे. कोलारपेक्षा उपकरण कितीतरी पट मोठे, म्हणून ऐंशी दिवस पुरले. कोलारच्या गटाने १९८५ मध्ये दोन किलोमीटर खोलीवर २६० टनांचे दुसरे उपकरण चालू केले आणि ते १९९२ पर्यंत चालवले. पण वजनाच्या शर्यतीत टनांना हजारो टनांपुढे उभे राहता येत नव्हते. खाणही तोट्यात गेली होती. खोलवरचे भाग एकेक करून बंद होत गेले आणि २००१ साली संपूर्ण खाणच बंद झाली.

कोलारच्या त्या घटना न्यूट्रिनोंच्या होत्या असेच आज बहुतेक तज्ज्ञ मानतात, आणि आम्हीही मानतो. तरीही त्या गटाने घाई केली असे म्हणणे आम्हांला अन्यायाचे वाटते. त्यांनी जे पाहिले ते मांडले आणि त्याला ‘संभाव्य’ हेच नाव दिले. दुसऱ्यांनी तपासावे म्हणूनच तर ते मांडले होते. उणीव विचारात नव्हती, वजनात होती. आणि ज्या प्रयोगांनी त्यांना मागे टाकले त्यांनाही प्रोटॉनचा क्षय दिसला नाहीच. जपानमधल्या कामिओकांदे या तीन हजार टनांच्या टाकीचे नावच मुळी केंद्रक-कणांच्या क्षयावरून पडले. पण ती गाजली २३ फेब्रुवारी १९८७ रोजी अतिनवताऱ्याचे न्यूट्रिनो पकडल्यामुळे. पुढे तिची थोरली बहीण, पन्नास हजार टनांची सुपर-कामिओकांदे, १९९६ मध्ये चालू झाली आणि १९९८ मध्ये तिने न्यूट्रिनो रूप बदलतात हे दाखवले. या दोन्ही शोधांना नोबेल मिळाले. प्रोटॉन मात्र ढिम्म. २०२० साली सुपर-कामिओकांदेने दिलेली मर्यादा आहे २४ वर ३३ शून्ये. इतके आयुष्य असेल, तर साठ किलोच्या माणसात या मार्गाने दहा-बारा लाख वर्षांत एखादा प्रोटॉन मोडेल.

मग १९८३ साली एसयू-५ सिद्धांत खोटा ठरला, असे पुस्तकात लिहून मोकळे व्हावे का? बहुतेक पुस्तकांनी तसेच केले. पण जरा थांबले पाहिजे. प्रयोगाने सांगितले की प्रोटॉन अमुक वर्षांत मोडत नाही. सिद्धांताला खोटे ठरवायचे, तर सिद्धांताने नेमकी किती वर्षे सांगितली होती, हे आधी पक्के हवे. ते पक्के नव्हते. मधला एक आकडा अडला होता.

प्रोटॉनमध्ये तीन क्वार्क असतात. एसयू-५ मध्ये एक अतिशय जड कण कल्पिला आहे, त्याला एक्स म्हणतात. दोन क्वार्क एकमेकांच्या अगदी जवळ आले, तर एक्सच्या मध्यस्थीने त्यांचे पॉझिट्रॉन आणि प्रतिक्वार्क यांत रूपांतर होते. तो प्रतिक्वार्क उरलेल्या तिसऱ्या क्वार्कशी जोडी जमवतो, तोच पायॉन. ‘अगदी जवळ’ म्हणजे किती? एका सेंटीमीटरचे एकावर २९ शून्ये इतके भाग केले, तर त्यातल्या एक-दोन भागांइतके. प्रोटॉन स्वतः याहून लाखो अब्ज पट मोठा आहे. म्हणजे प्रोटॉनच्या आयुष्याला दोन गोष्टी ठरवतात. पहिली, एक्स किती जड. हे नवा सिद्धांत सांगतो. दुसरी, प्रोटॉनच्या पोटात तीन क्वार्क एकाच बिंदूवर येण्याचा संभव किती. यात नवा सिद्धांत काही नाही, हा आपल्या नेहमीच्या तीव्र बलाचा प्रश्न आहे. त्याचे माप एका आकड्यात सांगतात आणि त्याला अल्फा म्हणतात. क्षयाचा वेग अल्फाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो.

१९८०च्या दशकात वेगवेगळ्या लोकांनी प्रोटॉनची वेगवेगळी प्रतिरूपे कल्पून अल्फा काढला. कोणी प्रोटॉनला पिशवी समजले, कोणी स्प्रिंगने बांधलेले तीन गोळे. उत्तरे आली ०.००३ पासून ०.०३ पर्यंत (एकक अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचा घन). दहापटीचा फरक. वर्ग केला की शंभरपटीचा. सिद्धांत म्हणतो एक वर्ष, की शंभर वर्षे, हेच माहीत नाही आणि निकाल द्यायचा! शिवाय सावध माणूस नेहमी सर्वांत लहान अल्फा घेणार, कारण तो घेतला की सिद्धांताला पळवाट मिळते. एसयू-५ च्या साध्या रूपाला ही पळवाट पुरली नाही, त्याच्यावर इतरही पुरावे गोळा झाले. पण त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्यांना ती बरीच वर्षे पुरली.

अल्फा कागदावर काढता येत नाही, कारण तीव्र बल नावाप्रमाणेच तीव्र आहे. विद्युतबलात पहिला अंदाज, मग बारीक दुरुस्ती, मग त्याहून बारीक, असे चालते. इथे दुरुस्ती मूळ अंदाजापेक्षा मोठी निघते. वाट दाखवली केनेथ विल्सन यांनी, तीही १९७४ साली, एसयू-५ आला त्याच वर्षी. अवकाश आणि काळ सलग न धरता जालक धरावे, म्हणजे ठरावीक अंतरावरच्या बिंदूंची चौकट, असे त्यांनी सुचवले.

ही कल्पना समजून घ्यायला न्हावा शेवा बंदराच्या आवाराइतके चांगले उदाहरण आम्हांला सापडलेले नाही. तिथे कंटेनर ओळींत, रांगांत आणि एकावर एक थरांत रचलेले असतात. कोणताही डबा शोधायला तीन आकडे पुरतात, ओळ, रांग आणि थर. आता दर तासाला आवाराची नोंद घेतली, तर चौथा आकडा मिळतो, वेळ. जालक म्हणजे हेच. प्रत्येक डब्याच्या जागी क्वार्क असू शकतो. शेजारच्या दोन डब्यांना जोडणाऱ्या रेषेवर तीव्र बलाचे क्षेत्र लिहितात. डबा मात्र एका सेंटीमीटरच्या दहा हजार अब्जाव्या भागाहूनही लहान. मग संगणक त्या रेषांवरचे आकडे फासे टाकल्यासारखे पुन्हापुन्हा बदलतो, पण वाटेल तसे नाही. तीव्र बलाच्या नियमांना जी मांडणी अधिक मानवते, ती अधिक वेळा येईल अशी व्यवस्था असते. अशा शेकडो मांडण्या साठवायच्या आणि प्रत्येकीत विचारायचे, तीन क्वार्क एका डब्यात आले का? सगळ्यांची सरासरी म्हणजे उत्तर. मतदानाआधी काही हजार लोकांना विचारून कल काढतात, तसाच हा कल. इथेही नमुना वाढवला की चूक किती घटेल हे आधीच सांगता येते.

कल्पना सोपी, काम अफाट. एका बाजूला ३२ डबे आणि काळाचे ६४ टप्पे घेतले, तर बिंदू होतात सुमारे २१ लाख. प्रत्येक बिंदूपासून चार रेषा, प्रत्येक रेषेवर १८ आकडे. एका मांडणीला १५ कोटी आकडे लागतात. टाटा संस्थेने स्वतः बांधून १९६० मध्ये चालू केलेल्या टिफ्रॅक या संगणकाच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत. एकच मांडणी ठेवायला असे ७४ हजार टिफ्रॅक लागले असते!

१९८६ मध्ये हारा, इतो, इवासाकी आणि योशिए या जपानी शास्त्रज्ञांनी जालकावर प्रोटॉन-क्षयाचा आकडा काढायचा प्रयत्न केला. त्या काळच्या यंत्रांना झेपावे म्हणून दोन सवलती घ्याव्या लागत. एक, निर्वातात क्षणभर उपजून विरणाऱ्या क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्या सोडून द्यायच्या. दुसरी, क्वार्क खऱ्याहून जड धरायचे, कारण क्वार्क जितके हलके तितकी आकडेमोड अवघड. पहिल्या सवलतीसह, पण बऱ्याच मोठ्या जालकावर, जपानच्याच जेएलक्यूसीडी गटाने २००० साली अल्फा ०.०१५ दिला. सावध लोक धरत त्या ०.००३ च्या हा पाचपट आहे. म्हणजे क्षयाचा वेग पंचवीसपट. पळवाट एका फटक्यात अरुंद झाली. काही सुधारित सिद्धांतांत प्रोटॉन कायॉन आणि न्यूट्रिनो यांत मोडतो. सुपर-कामिओकांदेचे तेच जुने निरीक्षण आता त्यांना अधिक जाचक ठरले. खाणीत एक थेंब पाणी न वाढवता प्रयोग जणू मोठा झाला.

जालकाचे शास्त्र टाटा संस्थेतही रुजले. राजीव गवई, सौरेंदू गुप्ता आणि पुढे नीलमणी माथुर यांच्या गटाने त्यावर नाव कमावले. त्यांचा भर प्रोटॉनच्या मरणावर नव्हता. प्रचंड तापमानात प्रोटॉन वितळून क्वार्कांचा रस्सा कधी होतो, जड क्वार्कांचे कण कसे बनतात, असे त्यांचे प्रश्न. पण हत्यार तेच. कोलारला नळ्या मोजणाऱ्या संस्थेतच जालकावरचे डबे मोजले जाऊ लागले.

दुसरी सवलत, जड क्वार्कांची, जास्त चिवट निघाली आणि शंकेला जागाही तिथेच राहिली. २०११ साली असा युक्तिवाद पुढे आला की क्वार्क खरोखरीइतके हलके धरले, तर प्रोटॉनचे रूप गाठीसारखे होत असेल आणि ती गाठ सहजी सुटत नसेल. तसे असेल तर खरा अल्फा जालकावरच्या अल्फापेक्षा बराच लहान, आणि जे सिद्धांत आपण गाडले ते कदाचित जिवंतच गाडले गेले. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तोवरची सगळी गणिते जड क्वार्कांवरून खऱ्या वस्तुमानाकडे रेषा वाढवून केलेली होती. ती रेषा मध्येच वाकत नाही हे कोणी पाहिले होते?

ते पाहिले गेले २०२२ साली. यू, आओकी, बॉइल, इझुबुची, सोनी आणि सिरित्सिन यांनी क्वार्कांची वस्तुमाने खऱ्याइतकीच ठेवून हे गणित केले. जालके दोन घेतली. वर सांगितलेले ३२ डब्यांचे आणि दुसरे जरा मोठ्या डब्यांचे, बाजूला २४ डबे असलेले. पहिल्यात प्रोटॉन साधारण बारा डबे रुंद बसतो. अल्फा आला ०.०१२६, चूक नऊ टक्क्यांच्या आसपास. रेषा वाकली नव्हती. गाठीच्या युक्तिवादाने सुचवलेली घट दिसली नाही. चाळीस वर्षांपूर्वी शंभरपटीची असलेली अनिश्चितता आता आयुष्याच्या हिशेबात वीसेक टक्क्यांवर आली. १९८३ मध्ये ऐंशी दिवसांच्या शांततेने दिलेल्या निकालावर खरी सही झाली ती अशी, एकोणचाळीस वर्षांनी.

या गणिताचा उपयोग सिद्धांत मारण्यापुरताच नाही. त्यात अल्फाबरोबर पायॉन आणि कायॉन अशा वेगवेगळ्या मार्गांचे वेगवेगळे आकडेही काढले आहेत. जपानमध्ये २ लाख ६० हजार टन पाण्याच्या हायपर-कामिओकांदेचे बांधकाम सुरू आहे. पॉझिट्रॉन आणि पायॉन या मार्गावर तिची पोच एकावर ३५ शून्यांच्या आसपास जाईल. तिथे तीन कड्यांच्या काही घटना सापडल्या, तर पहिला प्रश्न असेल न्यूट्रिनोंचा, कोलारला होता तोच. तो सुटला की दुसरा प्रश्न येईल, पायॉनच्या वाटेने किती मोडले आणि कायॉनच्या वाटेने किती. त्या गुणोत्तरातून तीव्र बलाचा वाटा जालकाच्या आकड्यांनी वजा करता येईल, आणि जे उरेल त्यावरून पती-सलाम, जॉर्जी-ग्लॅशो की आणखी कोणी, यांच्यापैकी कोणाची मांडणी निसर्गाच्या जवळ होती ते ठरवता येईल.